वारसा आणि वेदना : आफ्रिकी वंशपरंपरा, ऐक्याची कल्पना आणि मराठी दलित साहित्यविचार

प्रस्तावना

इ. स. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना तो अर्पण केला. मराठी विचारविश्वाचे कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी जे नाते जडले, त्याचा आरंभ या अर्पणपत्रिकेपासून मानला जातो. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात वाढलेली लेखकांची पिढी, 'अस्मितादर्श' नियतकालिक आणि दलित पॅंथर या क्रमाने हे नाते दृढ होत गेले. आज दलित साहित्यावरील कोणत्याही चर्चासत्रात 'दलित साहित्य आणि ब्लॅक साहित्य' या विषयावरचा एखादा निबंध हमखास वाचला जातो.

तथापि या तुलनेच्या पायाशी एक प्रश्न दडलेला आहे. दोन समूह एकमेकांचे आप्त ठरतात ते कशामुळे? समान वंशामुळे, समान इतिहासामुळे की समान दुःखामुळे? दलित आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्यात वंशाचे नाते नाही; तेथे नाते आहे ते वेदनेचे. याउलट अमेरिकेतील लॅटिनो आणि कृष्णवर्णीय यांच्यात आफ्रिकी वारशाचे प्रत्यक्ष नाते असूनही दीर्घकाळ ते नाकारले गेले. आणि महाराष्ट्राच्या भूमीवर आफ्रिकी वंशाचे लोक शतकानुशतके राहत असताना, मराठीतील 'कृष्णवर्णीय बांधव' मात्र सातासमुद्रापलीकडेच शोधला गेला. प्रस्तुत लेखात या तीन गोष्टी एकत्र ठेवून ऐक्याच्या कल्पनेची समीक्षा केली आहे.

लॅटिनो ओळख आणि झाकलेला वारसा

'लॅटिनो' ही संज्ञा वंशवाचक नाही. स्पॅनिश अथवा पोर्तुगीज भाषेचा आणि लॅटिन अमेरिकेतील मूळ प्रदेशाचा ती निर्देश करते. या एका संज्ञेत युरोपीय, मूलनिवासी, आफ्रिकी आणि संमिश्र अशा सर्व वंशांचे लोक येतात. अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापाराविषयी झालेल्या संशोधनानुसार सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी लोकांना जहाजांवर चढविण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे एक कोटी सात लाख लोक जिवंत उतरले. यांतील जेमतेम चार टक्के आजच्या अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या भूमीवर आले. उरलेले बहुतांश ब्राझील, क्यूबा, कोलंबिया आणि कॅरिबियन बेटे या प्रदेशांत गेले. म्हणजेच 'कृष्णवर्णीय' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जी अमेरिका उभी राहते, ती आफ्रिकी विस्थापनाच्या इतिहासातील एक लहान शाखा होय. मुख्य प्रवाह लॅटिन अमेरिकेत गेला.

असे असूनही त्या देशांत आफ्रिकी वारशाचा उच्चार क्वचितच अभिमानाने झाला. 'मिश्र वंश हीच आमची राष्ट्रीयता' या उदार वाटणाऱ्या सिद्धांताने काळ्या रंगाला मिश्रणात विरघळवून टाकले. मिश्रण साऱ्यांचे, पण प्रतिष्ठा गोरेपणाला, अशी ही रचना होती. मेक्सिकोचे उदाहरण बोलके आहे. आफ्रिकी वंशाचे रक्त असलेले व्हिसेंते गेरेरो तेथे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली. मात्र आफ्रिकी वंशाच्या नागरिकांची स्वतंत्र नोंद तेथील राष्ट्रीय जनगणनेत २०२० मध्ये प्रथमच झाली, आणि तेव्हा पंचवीस लाखांहून अधिक लोकांनी स्वतःची तशी ओळख सांगितली. जे गणले जात नव्हते ते अस्तित्वात नव्हते असे नाही. त्यांना विचारले गेले नव्हते.

हा नाकारलेला वारसा ज्यांनी प्रथम गोळा केला, त्यांत आर्तुरो शोम्बर्ग यांचे नाव अग्रगण्य आहे. प्वेर्तो रिको येथे १८७४ मध्ये जन्मलेले शोम्बर्ग १८९१ मध्ये न्यूयॉर्कला आले. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे बालपणी एका शिक्षकाने त्यांना ऐकविल्याची कथा सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्यांच्या आयुष्याचे कार्य हे त्या विधानाला दिलेले उत्तर होते. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी लिहिलेली पुस्तके, पत्रके, हस्तलिखिते आणि चित्रे यांचा त्यांनी प्रचंड संग्रह केला आणि तो १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला. शोम्बर्ग यांच्या संग्रहात भाषेची कुंपणे नव्हती. स्पॅनिश बोलणारा काळा माणूस आणि इंग्रजी बोलणारा काळा माणूस एकाच कपाटात शेजारी बसले.

साहित्याच्या क्षेत्रात हेच कार्य अनुवादाने केले. क्यूबाचे कवी निकोलास गियेन यांनी १९३० मध्ये हवानातील काळ्या वस्तीची बोली आणि तेथील लोकसंगीताची लय कवितेत आणली. त्याच वर्षी त्यांची भेट अमेरिकी कवी लँग्स्टन ह्यूज यांच्याशी झाली आणि पुढे १९४८ मध्ये ह्यूज यांनी एका सहकाऱ्यासमवेत गियेन यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. दोन भाषांतील दोन कवींना परस्परांची ओळख पटली ती लयीतून, श्रमातून आणि अपमानाच्या समान अनुभवातून. येथे वारसा आणि वेदना यांपैकी एकाची निवड करावी लागली नाही. वारशामुळेच वेदनेचा अर्थ स्पष्ट झाला.

राजकीय पातळीवर या ऐक्याचा सर्वांत लक्षणीय प्रयोग १९६९ मध्ये शिकागो येथे झाला. ब्लॅक पॅंथर पक्षाचे तरुण नेते फ्रेड हॅम्प्टन यांनी प्वेर्तो रिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्‌स' ही संघटना आणि गरीब गोऱ्या स्थलांतरितांची 'यंग पॅट्रिअट्‌स' ही संघटना यांना सोबत घेऊन आघाडी उभारली. घरभाडे, पोलिसी अत्याचार, मुलांची न्याहारी आणि दवाखाने हे तिचे विषय होते. ४ डिसेंबर १९६९ रोजी पोलिसांच्या छाप्यात हॅम्प्टन मारले गेले. आघाडी अल्पायुषी ठरली. परंतु ऐक्य हे भावनेवर नव्हे तर रोजच्या प्रश्नांवर उभे राहते, हा धडा तिने मागे ठेवला.

अर्पणपत्रिकेपासून पॅंथरपर्यंत

फुले यांच्या अर्पणपत्रिकेकडे आता पुन्हा वळणे आवश्यक आहे. तिच्यातील उदात्तता वादातीत आहे. शूद्रातिशूद्रांच्या दास्याला जागतिक गुलामगिरीच्या चौकटीत बसविण्याची ही दृष्टी त्या काळात असामान्य होती. मात्र समीक्षकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अर्पण मुक्तिदात्यांना आहे. तेथील मुक्तिकार्याचा कित्ता येथील लोकांनी आपल्या शूद्र बांधवांसाठी गिरवावा, ही त्यामागील अपेक्षा होय. म्हणजे या नात्याच्या पहिल्या टप्प्यात कृष्णवर्णीय माणूस हा उदाहरण म्हणून उपस्थित आहे. संवादातील दुसरा पक्ष म्हणून नव्हे.

दुसऱ्या टप्प्यात संवाद प्रत्यक्ष झाला. १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघापुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे मांडले जात असल्याचे त्यांना समजले होते व त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. हा पत्रव्यवहार त्रोटक आहे, पण त्याचे स्वरूप महत्त्वाचे आहे. एका पीडित समूहाचा प्रतिनिधी दुसऱ्याच्या प्रतिनिधीकडे कार्यपद्धतीची चौकशी करीत आहे. येथे गौरवही नाही, करुणाही नाही. समपातळीवरचा व्यवहार आहे.

त्याच आंबेडकरांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतील भेदही कठोरपणे मांडला, हे तुलनाकार पुष्कळदा विसरतात. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जिवंत व धडधाकट ठेवण्यात मालकाचा निदान स्वार्थ तरी असतो. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नसते, अशी त्यांची मांडणी होती. साम्याच्या उत्साहात भेद पुसू नयेत, हा या मांडणीतील वैचारिक शिस्तीचा भाग होय.

तिसरा टप्पा १९७२ चा. मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पॅंथर ही संघटना उभारली. १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पॅंथर पक्षावरून तिचे नाव घेतले गेले होते. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दाची व्याख्या अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, श्रमिक, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व लोक इतकी व्यापक करण्यात आली. तत्त्वतः ही व्याख्या शिकागोच्या आघाडीची सख्खी बहीण आहे. या व्याख्येवरून संघटनेत मतभेद झाले आणि १९७४ नंतर फूट पडली, हा पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. वेदनेच्या पायावर दार किती रुंद उघडावे, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

साहित्यसमीक्षेत जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकी निग्रोंचे साहित्य व संस्कृती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली, तर शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात दोन्ही साहित्यांची तुलना केली. या लेखनाचे ऋण मोठे आहे. मात्र तुलनेचा नकाशा जवळजवळ पूर्णपणे इंग्रजी भाषेने आखलेला राहिला. इंग्रजीतून जे आले ते 'ब्लॅक'; स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधील आफ्रिकी आवाज त्या नकाशाबाहेरच राहिले.

जात चोरणे आणि वर्ण चोरणे

तुलना सैद्धांतिक विधानांपेक्षा कलाकृतींच्या पातळीवर अधिक फलदायी ठरते. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात न सांगता भाड्याची खोली मिळवितो. त्याच्या बुद्धीचा व कवितेचा गौरव करणारे लोकच जात उघड झाल्यावर त्याच्यावर तुटून पडतात. अमेरिकी साहित्यात उजळ वर्णाच्या कृष्णवर्णीयाने गोरा म्हणून वावरण्याची एक दीर्घ कथापरंपरा आहे. नेला लार्सन यांची 'पासिंग' (१९२९) ही कादंबरी तिचे ठळक उदाहरण. तिच्यातील क्लेअर आपला वंश दडवून एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्याशी विवाह करते आणि सत्य उघड होण्याच्या क्षणीच तिचा अंत होतो.

वरवर पाहता दोन्ही कथांचा साचा एक आहे. भेद सूक्ष्म आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. क्लेअरला त्वचेची साथ आहे. तिच्यासारखी त्वचा नसणाऱ्या लाखोंना ही वाट बंद आहे. बागुलांच्या नायकाला त्वचेची गरजच नाही. जात अंगावर लिहिलेली नसते. ती आडनाव, गाव, ओळखीचा माणूस यांतून हुडकून काढावी लागते. म्हणूनच कथेत 'चोरी' हा शब्द येतो. जो वस्तुतः समाजाने लादलेला कलंक आहे, तो न सांगणे हा त्या समाजाच्या दृष्टीने गुन्हा ठरतो. शीर्षकातील उपरोध येथे आहे आणि तो वर्णाच्या परिभाषेत तंतोतंत उतरत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये पिरी थॉमस यांचे 'डाउन दीज मीन स्ट्रीट्‌स' (१९६७) हे आत्मकथन उभे आहे. आई प्वेर्तो रिकोची, वडील क्यूबाचे, जन्म न्यूयॉर्कमधला. भावंडे उजळ, पिरी मात्र सावळा. 'आम्ही प्वेर्तो रिकन आहोत, काळे नव्हे' हा कुटुंबाचा पवित्रा, आणि रस्त्यावरचे जग मात्र त्याला काळाच समजते. एका कृष्णवर्णीय मित्रासमवेत दक्षिणेकडे प्रवास करताना त्याला उमगते की भाषेची ढाल त्वचेचे रक्षण करीत नाही. घरातील वडिलांचे मौन हे या पुस्तकाचे खरे केंद्र आहे. वारसा बाहेरच्यांनी नाकारला तर लढता येते. तो घरातच नाकारला गेला तर माणूस स्वतःपासूनच तुटतो.

मराठीत याच्या सर्वांत निकट जाणारी कलाकृती म्हणजे लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४). आई महार, वडील पाटील, आजीसोबत राहणारा व नातवाला जीव लावणारा दादा मुसलमान. बारा माशांचा तोळा पुरा होतो. अकरा माशांचा माणूस अपुरा ठरतो. संमिश्र वंश हा येथे राष्ट्रीय अभिमानाचा विषय नाही, तर सत्तेने केलेल्या शोषणाची खूण आहे. लॅटिन अमेरिकेतील 'सुंदर मिश्रणा'च्या सिद्धांतावर याहून प्रखर भाष्य कोणते असेल? मिश्रण कोणत्या परिस्थितीत झाले, कोणाच्या संमतीने झाले आणि त्यातून जन्मलेल्याला नाव कोणी दिले नाही, हे प्रश्न 'अक्करमाशी' विचारते. थॉमस आणि लिंबाळे यांना शेजारी ठेवून वाचल्यास ध्यानात येते की वारसा ही केवळ मिळालेली ठेव नसते. पुष्कळदा ती नाकारलेल्या पित्याकडे मागितलेली दाद असते.

अंगणातील आफ्रिका

आता मूळ प्रश्नाकडे. मराठी साहित्यविचाराने अटलांटिकपलीकडचा बांधव शोधला. अरबी समुद्रावरून आलेल्या आफ्रिकी माणसाचे काय झाले?

इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला आणि बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला चापू नावाचा मुलगा बगदादमार्गे दख्खनला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःही हबशी होता. हाच मुलगा पुढे मलिक अंबर झाला. त्याने मोगलांना दोन दशके थोपविले, १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले, तेथे नहरींची जलव्यवस्था उभारली आणि जमीनमहसुलाची घडी बसविली. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले व २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये मलिक अंबरचे निधन झाले. त्याची कबर खुलताबादला आहे.

मराठी इतिहासलेखनाने मलिक अंबरला कर्तबगार प्रशासक व गनिमी काव्याचा पुरस्कर्ता म्हणून मान दिला, यात शंका नाही. परंतु तो मान व्यक्तीला मिळाला, वंशाला नाही. त्याच वंशाचे जंजिऱ्याचे सिद्दी ऐतिहासिक कादंबरी-नाटकांतून स्वराज्याचे वैरी म्हणूनच वावरतात. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतो. तोच वेढा फोडण्यासाठी शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह किती जणांना ठाऊक असतात? जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, किल्ला पर्यटनस्थळ झाला आणि 'हबशी' हा शब्द मराठीत कुरळ्या केसांच्या व काळ्या रंगाच्या टवाळीपुरता उरला. ज्या शब्दाने एका देशाचा निर्देश होत होता, तो शिवी होऊन बसावा, हा भाषेच्या इतिहासातील लहानसा पण अर्थपूर्ण अपघात नव्हे. ती सामाजिक दृष्टीची नोंद आहे.

सत्ताधारी सिद्दींखेरीज एक दुसरा इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामवाहू गलबतांवरील आफ्रिकी मुलांना मुंबईला आणले जाई. त्यांतील अनेकांना नाशिकजवळील शरणपूर येथील ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीत ठेवून लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकविण्यात आले. तेथे शिकलेला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन निवर्तल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या अंत्यविधीत तो सहभागी झाला. पुढे शरणपूरच्या आफ्रिकी रहिवाशांपैकी बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन वसाहतीत गेले.

येथे एक तारीख विचार करायला लावते. ज्या १८७३ साली पुण्यात 'गुलामगिरी' अमेरिकेला अर्पण होत होते, त्याच काळात नाशिकजवळ मुक्त झालेले आफ्रिकी गुलाम राहत होते. यात फुल्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. मिशन वसाहतीचे जग वेगळे होते. पण दीडशे वर्षांनंतरच्या समीक्षेलाही ही दोन टोके जोडावीशी वाटू नयेत, हे मात्र दोषास्पद आहे.

वर्तमानातील सिद्दीही दूर नाहीत. उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांतील सिद्दी हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तीन धर्मांत विभागले असून कोकणीची एक बोली बोलतात. अनेकांना मराठीही येते. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्या गुलामांशी त्यांच्यापैकी काहींचा पूर्वेतिहास जोडलेला आहे. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. धर्म तीन असूनही सिद्दी ही ओळख एक राहिली, ही घटना ऐक्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. वंश, इतिहास आणि वंचना या तिन्ही कसोट्यांवर जो खरा 'कृष्णवर्णीय बांधव' ठरतो, तो मराठीच्या शेजारघरीच आहे.

ऐक्याच्या मर्यादा

समान दुःख असलेले लोक आपोआप एकत्र येतात, हे गृहीतक इतिहासाने वारंवार खोटे ठरविले आहे. अमेरिकेतील शहरांत लॅटिनो आणि कृष्णवर्णीय रोजगार, घरे व राजकीय जागा यांसाठी परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरले. लॅटिनो कुटुंबांतून काळ्या जावयाला होणारा विरोध हा त्या समाजातील लेखकांनीच वारंवार उघडा केलेला विषय आहे. पीडित असणे हे पूर्वग्रहमुक्त असण्याचे प्रमाणपत्र नव्हे.

भारतातील चित्र याहून वेगळे नाही. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न वंशभेदाच्या शेजारी मांडला, त्याला भारत सरकारने विरोध केला आणि देशभर वाद झाला. २०२० मध्ये इझाबेल विल्करसन यांनी अमेरिकेतील वर्णव्यवस्थेचे स्पष्टीकरण 'जात' या संकल्पनेने केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने मनाई केली. वैचारिक देवघेव आता दोन्ही दिशांनी सुरू आहे. परंतु मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा व्यासपीठावरील बंधुत्व रस्त्यावर किती उतरले आहे, हेही दिसून आले.

याहून जवळचा आणि अधिक क्लेशदायक दाखला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचा. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. हल्लेखोर मुख्यतः इतर मागास समजल्या जाणाऱ्या जातींतील होते. फुल्यांनी ज्यांना 'शूद्र' आणि 'अतिशूद्र' म्हणून एका मुक्तिविचारात गुंफले, त्यांच्यातील दरी त्या गावात रक्ताने अधोरेखित झाली. ओकलंड आणि शिकागो यांच्याशी नाते सांगणाऱ्या साहित्यविचाराला या गावाच्या वेशीवर उत्तर द्यावे लागते. दूरच्याशी ऐक्य सोपे असते, कारण त्याच्याशी बांधावरून भांडण नसते.

कामठ्याहून पाहताना

गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे या प्रश्नाकडे पाहण्याचे एक उपयुक्त ठिकाण आहे. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेलगतच्या या मुलखात शाळेची भाषा मराठी, बाजाराची हिंदी, घरची पोवारी अथवा अन्य बोली, आणि पूर्वेकडील जंगलपट्ट्यात गोंडी अशी स्थिती आहे. 'मराठी भाषक' ही संज्ञा येथे 'लॅटिनो' या संज्ञेइतकीच सैल आहे. ती भाषा सांगते. जात, जमात आणि वंश झाकून ठेवते.

कामठ्याचा लिखित इतिहास जमीनदारीचा आहे. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने जमीनदार चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध केलेला उठाव, त्याचा बीमोड आणि नंतर बदललेली मालकी एवढे गॅझेटिअर सांगते. त्या जमिनीत धान रोवणारे, तळी खोदणारे, वेठ करणारे कोण होते, हे ते सांगत नाही. ते सांगितले गेले असेल तर रोवणीच्या गाण्यांत, दंडारीत आणि वृद्धांच्या आठवणीत. शोम्बर्ग यांना जे उत्तर द्यावे लागले, तेच उत्तर येथेही देय आहे. ज्यांना इतिहास नाही असे म्हटले जाते, त्यांचा इतिहास कोणी गोळा केलेला नसतो इतकेच.

या परिसरातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी अभ्यासक्रमात 'ब्लॅक साहित्य' वाचतो तेव्हा ते त्याला परीक्षेतील टिपेइतकेच परके राहण्याची शक्यता असते. त्याला अमेरिका कळावी यासाठी आधी शेजारची वस्ती कळली पाहिजे. पोवार, लोधी, गोंड, ढिवर, बौद्ध या समाजांतील मुले एका बाकावर बसतात. परस्परांच्या घरच्या आठवणी मात्र त्यांना ठाऊक नसतात. तुलनात्मक साहित्याचा पहिला पाठ या बाकावर गिरविता येतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, केवळ वारशावर उभारलेले ऐक्य अपुरे ठरते. आफ्रिकी वारसा असूनही लॅटिनो समाजाने तो दीर्घकाळ नाकारला, आणि मलिक अंबरचा गौरव करूनही मराठी समाजाने सिद्दींना आपले मानले नाही. दुसरी, केवळ वेदनेवर उभारलेले ऐक्यही ठिसूळ असते. १९७४ नंतरची पॅंथरमधील फूट आणि खैरलांजीचा अनुभव त्याची साक्ष देतात. तिसरी, ऐक्य टिकते ते जेथे वारशाचा स्वीकार, परस्परांतील भेदांची प्रामाणिक कबुली आणि रोजच्या प्रश्नांवरील सहकार्य या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. शोम्बर्गचा संग्रह, आंबेडकरांची भेददर्शी तुलना आणि शिकागोची आघाडी ही या तिहींची अनुक्रमे उदाहरणे होत.

मराठी समीक्षेपुढील कार्य त्यातूनच निश्चित होते. दलित साहित्याच्या तुलनेचा नकाशा इंग्रजीच्या कक्षेबाहेर नेऊन लॅटिन अमेरिकेतील आफ्रिकी आवाजांपर्यंत विस्तारणे आवश्यक आहे. सिद्दींचा इतिहास व त्यांच्या बोलीतील मौखिक वाङ्मय यांना मराठी-कोकणी साहित्याभ्यासात स्थान मिळणे तितकेच निकडीचे आहे. आणि प्रादेशिक महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील अलिखित स्मृतींचे संकलन हाती घेतले पाहिजे. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेने जग महाराष्ट्राजवळ आणले. त्या जगात शेजाऱ्यालाही जागा आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र अद्याप शिल्लक आहे.